पुन्हा जमणारा अपघात

नागपूर

चि. सोनूस,


खिडकीच्या दोन काचांमध्ये तांब्याचा पातळ पत्रा ठेवून तू भट्टी लावलीस, तर मधोमध विटकरी लाल आणि कडेला निळसर हिरवा रंग उतरला. हा काचेचा प्रसाद आहे, कारण शोधायला गेलं की गंमत जाईल, असं तू लिहितेस. मला ते पटत नाही. जो अपघात पुन्हा घडवता येत नाही तो आपला नव्हे. आणि कलावंताची दृष्टी म्हणतात ती बरीचशी कुठल्या अपघाताचा पिच्छा पुरवायचा हे ठरवण्यातच असते. तुझ्या तांब्याचंच बघ. पत्र्याला जिथे हवा मिळाली तिथे तांबं ऑक्सिजन घेऊन काचेत मुरलं आणि निळं-हिरवं झालं. जिथे हवा अपुरी पडली तिथे लाल झालं. म्हणजे हा खेळ तांब्याइतकाच हवेचाही आहे. आता पत्र्याला टाचणीने भोकं पाडून, काचेची एखादी कड उघडी ठेवून किंवा भट्टी सावकाश चढवून हवा कुठे पोचेल हे तुला ठरवता येईल. तांब्याच्या पत्र्यातून आकार कापणारे पुष्कळ आहेत. हवेने चित्र काढावं हे मात्र कारण कळलेल्यालाच सुचेल.

कारण कळल्याने कला मरत नाही, याचा एक दाखला घे. १९६२ सालच्या अमेरिकेतल्या टोलेडोच्या काच-कार्यशाळेची गोष्ट बहुधा बंडाची म्हणून सांगतात: काच कारखान्यातून सुटली आणि एकट्या कलावंताच्या हाती आली. खरं आहे, पण अर्धं. हार्वी लिटलटन हा सिरॅमिक्स शिकवणारा माणूस. मार्चमध्ये त्याने तिथल्या कलासंग्रहालयाच्या आवारात छोटी भट्टी लावली, तेव्हा पहिली काच फुंकण्याजोगी झालीच नाही. वाट काढली डॉमिनिक लॅबिनोने, आणि तो काचतंतूंच्या उद्योगात मुरलेला संशोधक. तंतू काढण्यासाठी बनवलेल्या काचेच्या गोट्या वितळवा, असं त्याने सुचवलं आणि फुंकणी चालली. चेकोस्लोव्हाकियातल्या स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा या जोडप्याचा दाखला तर मला त्याहून मोलाचा वाटतो. साच्यात ओतीव काच करताना एकाच रंगाची काच पातळ जागी फिकी आणि जाड जागी गडद दिसते, हे काचेचं काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. या दोघांनी त्याच साध्या गुणाला शिल्प मानलं. जाडी कमीजास्त करून त्यांनी उजेडच घडवला, दुसरा रंग न घालता. दृष्टी आधी की तंत्र आधी, हा वाद त्यांच्या कामासमोर मला पोकळ वाटतो.

तुझी दुसरी तक्रार अशी की नागपुरात काचेचं आहेच काय. फिरोजाबादला नाहीतर परदेशी गेल्याशिवाय गत्यंतर नाही. फुंककाम शिकायचं असेल तर जायलाच हवं, तिथे मी वाद घालणार नाही. भट्टीतल्या कामाला मात्र ही सबब चालणार नाही. आपल्या मुलखाला काच नवी नाही. वऱ्हाडाचं वर्णन करताना अबुल फझलने ऐन-ए-अकबरीत लोणारकडच्या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, अशी नोंद केली आहे. विदर्भातल्याच कौंडिण्यपूरचं उत्खनन करणाऱ्या मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनीच १९६९ साली भारतीय काचेचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. पैशापैशाच्या वर्गणीतून तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. पुढे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. हे मी अभिमानाने छाती फुगवायला सांगत नाही. कंदिलाच्या काचेला आतून ज्योत आणि बाहेरून पावसाचा थेंब, दोन्ही सोसावे लागतात. तिथे कारागिराची कसोटी काच निववण्यात होती, आणि तुझीही तिथेच आहे.

तुझ्या तडकलेल्या नमुन्यांबद्दल तू दोन ओळींत लिहिलंस आणि रंगांवर दोन पानं. प्रमाण उलटं हवं होतं. खिडकीची काच ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास काही काळ थांबवून मग हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर आत ताण कोंडतो आणि ती महिन्याभरानेही तडकू शकते. जाडी दुप्पट केलीस की निववायला साधारण चौपट वेळ धर. ताण डोळ्यांनी दिसतोही. लॅपटॉपचा पडदा पांढरा ठेव, त्यापुढे नमुना धर आणि पोलराइज्ड गॉगल फिरवत त्यातून बघ. ताणाच्या जागी उजेडाचे पट्टे उमटतात. खिडकीच्या काचेची एक बाजू कारखान्यात वितळलेल्या कथिलावर तरंगलेली असते. तिच्यावर लघुतरंगी अतिनील (शॉर्टवेव्ह यूव्ही) दिवा टाकलास की ती बाजू दुधी चमकते. कुठली बाजू तांब्याला लावली होतीस, हे तुझ्या वहीत नाही. मग दुसऱ्या खेपेला रंग बदलला तर दोष कुणाला देणार? आणि हो, मे महिन्यात कूलरच्या झोतासमोर अर्धवट गरम भट्टीचं झाकण उघडू नकोस. आपल्याकडे हे सांगावं लागतं.

अशाने स्टुडिओची प्रयोगशाळा होईल, हा तुझा शेवटचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. नुसते नमुने जमवत राहण्याचा धोका खराच आहे. तक्ते भरलेले आणि भिंतीवर एक काम नाही, असंही होतं. पण त्यावर उपाय वही फेकणं हा नाही. दर खेपेला एकच गोष्ट बदल, पण ती तुला काहीतरी बघायचं आहे म्हणून बदल, तक्त्यातला रकाना रिकामा आहे म्हणून नव्हे. तांब्याची हवा हा प्रश्न तुझा आहे, तर वर्षभर त्यालाच धरून राहा. त्यातलाच एक प्रयोग सुचवते. नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतलं मँगनीज काचेत अगदी थोडं घातलं तर लोहाची हिरवट झाक मारतं, जास्त झालं तर जांभळं करतं. शिवाय मँगनीज डायऑक्साइड तापल्यावर ऑक्सिजन सोडतो. मग बंद काचांच्या आत, तांब्याशेजारीच, त्याची चिमूटभर पूड ठेवली तर लाल भाग निळ्याकडे झुकेल, की नुसते बुडबुडे उठतील? एका नमुन्यात पूड ठेव, दुसऱ्यात ठेवू नकोस, आणि दोन्ही एकाच भट्टीत एकाच दिवशी लाव. पूड खाणीतली उचलून आणू नकोस, सिरॅमिक्सच्या सामानातली घे, आणि डबा उघडण्याआधी चांगला मास्क लाव. ती धूळ मज्जातंतूंना बाधते.

तुझी,
आत्या