लॅपटॉप घेताय? आधी वॅट विचारा!

सेकंड इयरच्या सुट्टीत बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून मला लॅपटॉपसाठी ७५ हजार रुपये दिले. 'अभ्यासाला लागतो' हे मी सांगितलेलं कारण निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं काय ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको! दुकानात गेलो, खोक्यावर 'जीफोर्स आरटीएक्स ४०५०' वाचलं, वजनाला हलका, दिसायला देखणा, घेऊन टाकला. आठ दिवसांनी शेजारच्या रूममधल्या मित्राने तेच कार्ड असलेला जाडजूड लॅपटॉप आणला. गेम तोच, सेटिंग तेच. त्याचा पळतोय आणि माझा रखडतोय. असं का?

कारण कार्डाचं नाव म्हणजे सगळं काही नव्हे. एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या ४०५० ला ३५ ते ११५ वॅट एवढी मोठी मुभा ठेवली आहे. त्यातले किती द्यायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. बारीक अंगाच्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर काढायला जागा कमी, म्हणून वॅटही कमी. वॅट दुप्पट म्हणजे वेग दुप्पट असं गणित नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो. दुकानात चालू पीस असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा. हेल्प मेनूतल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' अशी ओळ असते. मी ती बघितलीच नव्हती.

दुसरी गोष्ट मेमरी. रॅम आणि एसएसडी बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येते. ग्राफिक्स मेमरी मात्र कधीच नाही, ती बोर्डावरच डकवलेली असते. ४०५० ला ६ जीबी असते, ४०६० ला ८. त्यामुळे पैसे कमी पडत असतील तर एसएसडी लहान घ्या, पण ग्राफिक्समध्ये काटकसर नको. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका. डीडीआर५-४८०० ची एक पट्टी सेकंदाला ३८.४ जीबी डेटा देऊ शकते, दोन मिळून ७६.८. टास्क मॅनेजरमध्ये किती स्लॉट भरलेत ते कळतं.

तिसरी, स्क्रीन. सगळे १४४ हर्ट्झ विचारतात, रंग कोणी विचारत नाही. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर चित्र फिकं दिसणार. '१०० टक्के एसआरजीबी' मिळाली तर उत्तम.

आता बॅटरी. हिशोब आपणच करू. ग्राफिक्सला ९५ आणि प्रोसेसरला ४५ धरले तर झाले १४० वॅट. बॅटरी ६० वॅट-अवरची. म्हणजे जेमतेम २६ मिनिटं! म्हणूनच चार्जर काढला की लॅपटॉप आपोआप वॅट घटवतो आणि गेम मंदावतो. लाइट गेल्यावर खेळू, हा विचार सोडा. आणि हे सगळे वॅट शेवटी उष्णताच होतात. तळाच्या जाळीतून हवा आत जाते, गादीवर ठेवला की ती बंद. मग तापला की चिप स्वतःच वेग कमी करते. टेबलावर ठेवा, खाली दोन जाड पुस्तकं लावून मागची बाजू उचला. (पुस्तकांचा तेवढाच उपयोग!)

विंडोज आहे की नुसतं डॉस, वॉरंटीत माणूस रूमवर येतो की लॅपटॉप घेऊन आपणच जायचं, हेही विचारून घ्या. बिल जपून ठेवा.

असो. माझा लॅपटॉप वाईट नाही. कॅडचं काम नीट होतं, गेम मीडियम सेटिंगवर चालतात. पण दर महिन्याला हप्ता भरून आल्यावर बाबा फोनवर विचारतात, "चांगला चालतो ना रे?" मी "हो" म्हणतो. दुकानात पाच मिनिटं जास्त घालवली असती तर ते जरा मोठ्याने म्हटलं असतं. तुमची पाच मिनिटं वाया घालवू नका. खोका फुटण्याआधी वॅट विचारा, मगच पैसे मोजा!