कंपूने खेळायचा खेळ कसा निवडावा?



आपल्या वस्तीचे नाव कंपू. शिंद्यांच्या कवायती पलटणींना जुन्या मराठी कागदांत 'कंपू' म्हणत. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, त्या तळाचे लष्कर शहर झाले आणि फौजेतला हा शब्द आपल्या पत्त्यात राहून गेला. घरच्या बोलण्यात मात्र कंपू म्हणजे चार जिवलगांची टोळी. हा लेख त्या दुसऱ्या कंपूसाठी आहे. एका संगणकापुढे बसलेली दहा-बारा मुले आणि सर्वांनी मिळून खेळायचा एक जुना साहसखेळ, एवढाच त्याचा विषय.

साहसखेळात शर्यत नसते आणि धडाधड गोळीबारही नसतो. पडद्यावर एक गोष्ट चाललेली असते. आपण तिच्यात हिंडायचे, वस्तू उचलायच्या, माणसांशी बोलायचे आणि वाटेत येणारी कोडी सोडवायची. आजीने हुमाण घालावे आणि नातवंडांनी डोकी खाजवावीत, तसाच हा प्रकार. आपण विचार करीत असलो की बहुतेक वेळा पडदा थांबून राहतो. म्हणूनच तो कंपूने खेळता येतो.

उन्हाळी वर्गात आम्ही हा प्रयोग दोनदा केला. पहिल्या वेळी फसलो. ज्याचे नाव सर्वांत जास्त ऐकले होते, तोच खेळ आम्ही लावला. चौथ्या दिवशी कळले की पहिल्या दिवशी एक वस्तू उचलायची राहिली आणि आता पुढे जाण्याचा मार्गच उरला नाही. माऊस पहिल्यापासून सर्वांत मोठ्या मुलाच्या हातात होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मित्र, आणि मागच्या बाकावरची मुले खिडकीतून अंगणातली कबड्डी बघत होती. पाचव्या दिवशी चौघेच आले. दोष मुलांचा नव्हता. एकट्याने खेळायचा खेळ आम्ही बारा जणांच्या गळ्यात बांधला होता.

त्यानंतर आम्ही खेळ निवडण्याच्या चार कसोट्या ठरवल्या. त्या इथे देत आहोत.

पहिली कसोटी : चुकीला माफी आहे का?

'किंग्ज क्वेस्ट' ही सिएरा कंपनीची गाजलेली मालिका. तिच्या १९९० मधल्या पाचव्या भागात एक मांजर उंदराच्या मागे धावताना दिसते. त्या क्षणी मांजराला काही फेकून मारले, तर उंदीर वाचतो. पुढे नायकाला तळघरात बांधून ठेवतात तेव्हा हाच उंदीर दोर कुरतडतो. पण उंदीर वाचवला नसेल, तर तळघरातच गोष्ट संपली. इतक्या मागे झालेली चूक खेळणाऱ्याला त्या वेळी कळतही नाही.

घरी एकटा मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करील. वर्गात मात्र "ते कुणामुळे राहिले?" हा प्रश्न आधी येतो आणि एखादे मूल त्यात भरडले जाते. रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये एक लेख लिहून अशा खोड्यांवर टीका केली. १९९० मध्ये त्यांचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' आला, त्यात नायक जवळजवळ मरतच नाही. पाण्याखाली दहा मिनिटे श्वास रोखण्याची त्याची फुशारकी आहे. त्याला तितका वेळ बुडवून ठेवले, तरच तो मरतो! कंपूसाठी खेळ असाच हवा, धीटपणे चुकू देणारा.

दुसरी कसोटी : कोडे आपल्या भाषेत उतरते का?

मग 'मंकी आयलंड' का घेतला नाही? मुलांचा कौल त्यालाच होता. त्यातले तलवारयुद्ध हाताने लढायचे नसते. समोरच्याने टोमणा मारायचा आणि आपण चपखल उलट टोमणा द्यायचा. तमाशातल्या सवाल-जवाबाची आठवण व्हावी असा हा प्रसंग आहे. पण त्याची सगळी गंमत इंग्रजी शब्दखेळात आहे. तो शब्दखेळ ज्याला चटकन कळतो, तोच उत्तर देतो. बाकीचे नुसते हसण्याचे सोंग करतात.

१९९१ मधल्या दुसऱ्या भागात तर कमालच आहे. तिथे एका माकडाला खिळवून खिशात घालायचे आणि त्याचाच पान्हा करून पाण्याचा पंप फिरवायचा. कारण इंग्रजीत एका पान्ह्याला 'मंकी रेंच' म्हणतात. हा शब्द अमेरिकेतला. अमेरिकेबाहेरच्या इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हे कोडे अडले. मराठीत पान्हा नळाला लागतो आणि गाईलाही फुटतो, पण त्याचा माकडाशी काही संबंध नाही. आमची मुले वर्गात हिंदी, घरी मराठी आणि पुस्तकात इंग्रजी वाचतात. त्यांच्या बुद्धीची परीक्षा असावी, इंग्रजी वाक्प्रचारांच्या पाठांतराची नव्हे.

तिसरी कसोटी : प्रत्येकाला काम आहे का?

साहसखेळांचा मूळपुरुष 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर'. विल क्राउथर हे संगणक-प्रोग्रामर आणि गुहा हिंडण्याचे शौकीन. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहा आहे. तिथल्या खऱ्या गुहांच्या आधारे त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास आपल्या मुलींसाठी हा खेळ रचला. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला. त्यात एकही चित्र नाही. वर्णन वाचायचे आणि 'दिवा घे', 'उत्तरेला जा' अशा दोन-दोन शब्दांच्या आज्ञा टाइप करायच्या. त्यातल्या एका भुलभुलैयात सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. वाट कळावी म्हणून प्रत्येक दालनात एकेक वस्तू टाकत जायचे आणि कागदावर नकाशा काढायचा. नकाशा काढणाऱ्याला इथे फार मान आहे. पण वाचणारे आणि नकाशा काढणारे सोडले, तर इतरांना काम कमी.

'मिस्ट' हा १९९३ मधला खेळ. रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी तो केला. ज्यूल व्हर्नची 'मिस्टीरियस आयलंड' ही कादंबरी त्यांच्या मनात होती. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या गोष्टी मराठीत आणल्या. वाचनालयात त्या जरूर शोधा. एका निर्जन बेटावर आपण येऊन पडतो. तिथे वाचनालय आहे, घड्याळाचा मनोरा आहे, तारांगण आहे आणि अवकाशयानही आहे. या खेळात मरण नाही. शेवटी चुकीचा निर्णय घेतला तर शेवट वाईट होतो, पण जतन केलेल्या जागेवरून पुन्हा सुरू करता येते.

इथली कोडी निरनिराळ्या जातीची आहेत. एका ठिकाणी जनित्रांची बटणे दाबून नेमके ठरलेले व्होल्ट जुळवायचे असतात. जास्त झाले की वीज तुटते आणि शिडी चढून ती पुन्हा जोडावी लागते. फ्यूज उडणे आपल्याकडे कुणाला नवे आहे? त्यामुळे बेरजा करणारे लगेच पुढे सरसावतात. तारांगणात तारखा टाकून ताऱ्यांच्या आकृत्या उतरवायच्या असतात, ते काम चित्र काढणाऱ्यांचे. वाचनालयातल्या लांबलचक रोजनिशा वाचनाची आवड असलेल्यांच्या वाट्याला येतात.

अवकाशयानात एक वाद्य आहे. त्यावर पाच सूर वाजवायचे, लक्षात ठेवायचे आणि दुसऱ्या टोकाच्या पाच दांड्या सरकवून तेच सूर तसेच्या तसे लावायचे. आमचे हुशार गडी इथे तासभर अडले. सूर जवळ येई, पण कोडे काही सुटेना. मागच्या बाकावर सहावीतली एक मुलगी बसत असे. ती गाणे शिकते, पण वर्गात तिचा आवाज आम्ही क्वचितच ऐकला होता. ती हळूच म्हणाली, "तिसरा चढा लागतोय." मग ती उठून पुढे आली. ती प्रत्येक सूर गुणगुणे आणि मोठी मुले मुकाट्याने दांडी सरकवत. कोडे सुटले तेव्हा टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बाकावर बसली.

१९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी या गावात शंकर गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. अशा गावच्या वर्गात एक तरी पक्का कान असणारच. तो आमच्या वर्गातही होता, फक्त त्याला विचारणारा खेळ आम्ही आधी लावला नव्हता. एक इशारा मात्र देऊन ठेवतो. कमी ऐकू येणारे मूल कंपूत असेल, तर हे कोडे त्याच्यावर अन्याय करते. तेव्हा दुसरा खेळ पाहावा.

चौथी कसोटी : पालकांना आणि विश्वस्तांना सांगता येईल का?

कोणताही खेळ आधी शिक्षकांनी शेवटपर्यंत खेळावा. 'मंकी आयलंड'मध्ये समुद्री चाचे आहेत आणि त्यांची दारूही आहे. 'मिस्ट'मध्ये काही खोल्यांत क्रूरपणाच्या खुणा दिसतात. हे आम्ही पालकसभेत आधीच सांगितले. दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. खेळ जुना झाला म्हणून फुकट होत नाही. रिव्होल्यूशन कंपनीने 'बिनीथ अ स्टील स्काय' हा आपला १९९४ चा खेळ २००३ मध्ये स्वतःहून मोफत केला. 'मिस्ट' मात्र विकतच घ्यावा लागतो. असे जुने खेळ आजच्या संगणकावर चालवण्यासाठी 'स्कमव्हीएम' ही मोफत प्रणाली २००१ पासून आहे. त्यामुळे शाळेला नवा महागडा संगणक घ्यावा लागला नाही.

आम्ही कसे खेळलो

नियम पाचच होते. (१) माऊस दर दहा मिनिटांनी पुढच्याकडे. (२) माऊस धरणाऱ्याने स्वतः ठरवायचे नाही, कंपू सांगेल तेच करायचे. (३) ज्याला काही सुचले, त्याने 'का' हेही सांगायचे. (४) एक चिटणीस, एक नकाशेकार. दोघे रोज बदलायचे. (५) इंग्रजी मजकूर एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने मराठीत सांगायचा.

सर्वांत जास्त भांडणे पाचव्या नियमाने लावली आणि सर्वांत जास्त शिकवलेही त्यानेच. खेळातल्या वेगवेगळ्या जगांना 'एज' म्हणतात. ते वय, काळ की युग? दोन दिवस वाद चालला. एकाने घरी आजोबांना विचारले आणि 'युग' मान्य झाले. ज्या घरांतून मुलांचे मराठी आता फक्त "जेवायला चल" एवढ्यावर आले आहे, त्या घरांत एका शब्दावरून आजोबा आणि नातू तासभर बोलत बसले. खेळाला शाळेत जागा का, असे विश्वस्त विचारतात तेव्हा आम्ही हाच प्रसंग सांगतो.

करून पाहा

१. वरच्या चार कसोट्या लावून तुमच्या आवडीच्या एका खेळाची परीक्षा करा आणि दहा ओळी लिहा.

२. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात २७० हात लांबीच्या फुलबागेचा आणि रोजच्या ५० माळांचा उल्लेख आहे, आणि दोन्ही आकड्यांत शून्य स्पष्ट कोरलेले आहे. या शून्यावर उघडणारे एक दार कल्पून त्याचे कोडे मराठीत रचा.

चांगली कोडी निवडून आम्ही 'ट्वाइन' या मोफत साधनावर आपलाच एक लहान साहसखेळ बांधणार आहोत. त्यातही माऊस दर दहा मिनिटांनी पुढच्याकडे जाईल.