झोत, योक आणि आरसा

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्र उमटते असे आपण म्हणतो. जुन्या संचांच्या बाबतीत मात्र नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत कोणत्याही एका क्षणी एकाच जागी आदळत असे. तो डावीकडून उजवीकडे रेघ ओढी, मग पुढची रेघ. भारतीय पद्धतीत एका चित्राच्या 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रे, म्हणजे सेकंदाला 15,625 रेषा! आपला डोळा मंद, म्हणून त्याला अखंड चित्र भासे.

हा विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीने का घ्यावा, असे कोणी विचारील. पैठण रस्त्यावरील चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात असे संच तयार होत, आणि आपल्या शहरातील कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. त्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही.

हेच रेघा ओढण्याचे तत्त्व पुढे लेझरच्या साहाय्याने वापरण्याचा खटाटोप झाला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 1993 साली स्थापन झालेली मायक्रोव्हिजन ही कंपनी त्यात अग्रभागी होती. अडचण अशी, की इलेक्ट्रॉनवर विद्युतभार असतो, म्हणून नळीच्या मानेवरील चुंबकीय वेटोळी त्याला हवे तसे वळवतात. प्रकाशाला भार नाही. चुंबक त्याला वळवू शकत नाही. त्याला वळवायला आरसाच हवा. तो सेकंदाला हजारो वेळा हलायचा, तर हलका पाहिजे; म्हणून सिलिकॉनचा, सुमारे एक मिलिमीटरचा आरसा घडवला गेला. झोक्याला योग्य क्षणी हलका धक्का दिला की तो उंच जातो, तसाच हा आरसा आपल्या नैसर्गिक गतीने डोलत राहतो. लाल, हिरवा व निळा असे तीन लेझर त्यावर पडतात आणि समोरच्या भिंतीवर चित्र रेखाटले जाते. झोत बारीक असल्याने भिंत जवळ असो वा दूर, चित्र स्पष्टच राहते. भिंग फिरवावे लागत नाही.

आमच्या गल्लीतील एक काका चितेगावला जुळणी विभागात होते. त्यांना हे सांगितले तेव्हा ते चटकन म्हणाले, "म्हणजे योक काढून आरसा बसवला म्हण की!" थोडे थांबून म्हणाले, "पण पोरी, झोका कडेला गेला की थबकतो. तिथं चित्र जास्त उजळ दिसायला पाहिजे." मी वाचनात शोधले, प्रश्न अगदी बरोबर होता. आरशाच्या बदलत्या वेगाप्रमाणे लेझरची वेळ बांधावी लागते आणि अगदी कडेला तो बंद ठेवतात. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत उमगले, याचे मला फार नवल वाटले. पुस्तकी ज्ञान म्हणतात ते यापेक्षा मोठे असते का?

खरी गोची हिरव्या रंगाची झाली. लाल लेझर स्वस्त होता, निळा जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या प्रयत्नांनी 1990 नंतरच्या दशकात साधला. पण थेट हिरवा प्रकाश देणारा छोटा लेझर 2009 च्या सुमारासच निघाला. तोवर आडवळणाने हिरवा रंग मिळवावा लागे व ते महाग पडे. 2010 च्या सुमारास मायक्रोव्हिजनचा खिशात मावणारा प्रोजेक्टर बाजारात आला. चित्र सुंदर, पण उजेड फिका आणि लेझरच्या प्रकाशाची ती वाळूसारखी चमचम. लोकांनी तो फारसा घेतला नाही.

व्हिडिओकॉनने 2005 साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन येथील कारखाने आले. आणि पाठोपाठ चपटे पडदे आले. 2018 साली व्हिडिओकॉनवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तिच्या अडचणीला इतरही कारणे होती. पण नळीवरचा डाव चुकला, असे माझे मत आहे. मायक्रोव्हिजनने मात्र आरसा सोडला नाही, त्याचे काम बदलले. 2019 सालच्या मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स 2 या चष्म्यात लेझर-आरशाचेच तंत्र होते; त्याचे उत्पादन 2024 मध्ये थांबले. त्याआधीच कंपनी मोटारींकडे वळली होती. लेझरचा झोत बाहेर फेकायचा, समोरच्या वस्तूवरून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे. काकांना हे सांगितले, तर त्यांनी विचारले, "पावसात कसं करतात?" त्याचे उत्तर मी अजून शोधते आहे.