यात्रेत खावे कुठे, प्यावे कुठे?

समुद्र आपल्या वऱ्हाडापासून फार दूर आहे. तरीही आपल्याकडच्या कितीतरी गावांत विहिरीचे पाणी खारट लागते. समुद्र नाही, पण पाणी मात्र खारे! हे कसे?

पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत ती पुढे तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात गाळाच्या मातीचा जाड थर आहे. ही माती चिकण असल्यामुळे तिच्यातून पाणी लवकर निचरत नाही. म्हणून जमिनीत आणि जमिनीखालच्या पाण्यात क्षार साठून राहिले आहेत. या भागाला आपण खारपाणपट्टा म्हणतो. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या तालुक्यांत अशी पुष्कळ गावे आहेत. तिथे डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाची चव बिघडते. पूर्वी बायाबापड्या नदीच्या वाळूत झिरा खणून गोडे पाणी आणीत. आता वान, काटेपूर्णा, शहानूर या धरणांचे पाणी नळाने अनेक गावांत येते. पण सगळीकडे ते रोज येतेच असे नाही.

आपल्या गावात कुठले पाणी प्यावे हे आपल्याला ठाऊक असते. परक्या गावी गेल्यावर काय करावे? पौष महिन्यात रविवारी ऋणमोचनची यात्रा भरते. पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. माणसांची ही गर्दी होते. पोरांना भूक लागते, म्हाताऱ्यांना तहान लागते. अशा वेळी डोके ठिकाणावर ठेवून खावे-प्यावे लागते.

आधी पाणी

पाण्यात दोन प्रकारचे दोष असतात. एक खारटपणाचा. तो जिभेला कळतो. दुसरा जंतूंचा. तो जिभेला कळत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही. पाणी गोड लागले, काचेसारखे स्वच्छ दिसले, तरी त्यात पटकीचे, हगवणीचे जंतू असू शकतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी उकळले की जंतू मरतात. पण खारटपणा काही जात नाही. उलट पाणी आटले म्हणजे ते जास्तच खारट होते. म्हणून आधी गोडे पाणी शोधावे, मग ते उकळावे.

दुकानात बसलो की आपण बिनधास्त विचारावे. विचारण्यात लाज कसली?

"काहो भाऊ, हे पानी कुठून आनलं?"

"हापशीचं आहे, बाप्पा."

"मंग प्याले नको. नळाचं आहे काय?"

"आहे ना! त्या माठात भरून ठेवलं."

माठावर झाकण आहे का, पाणी काढायला दांड्याचे ओगराळे आहे का, तेही पाहावे. जो तो माठात हात बुडवीत असेल, तर चांगले पाणीही बिघडते. बर्फाचा गोळा आणि उसाचा रस यांचेही तसेच. बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कळत नसेल तर रस बिनबर्फाचा मागावा. सगळ्यांत बरे म्हणजे घरून उकळून गार केलेले पाणी न्यावे.

मग खाणे

डोळ्यांसमोर कढईतून निघालेला आलूबोंडा किंवा भजी गरमागरम खावी. सकाळी तळून उघड्यावर ठेवलेले, माश्या बसलेले खाऊ नये. चिरून ठेवलेली फळे घेऊ नयेत. केळे, संत्रे आपल्या हाताने सोलून खावे. संत्र्याला तर आपल्या अमरावतीकडे तोटा नाही.

नदीकाठी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजावे, वांग्याची भाजी आणि वरण करावे, ही आपली जुनी रीत फार चांगली. अन्न आपल्या डोळ्यांदेखत शिजते आणि ऊन ऊन पोटात जाते. मात्र स्वयंपाकाला पाणी घाटावरचे घेऊ नये. तिथे लोक आंघोळ करतात, कपडे धुतात.

कुणी मासे खाणारे असतील. भोईभाऊ नदीचे, धरणाचे मासे विकायला आणतात. ताज्या माशाचे कल्ले लाल असतात, डोळे चकचकीत असतात, अंग दाबले तर खळगा राहत नाही. डोळे खोल गेलेला, घाण वास येणारा मासा फुकट दिला तरी घेऊ नये.

एक पाटी

आमच्या वर्गातल्या एका आजींची गोष्ट सांगतो. एका जत्रेत त्यांचा नातू तहानला. जवळच टाकी होती. टाकीवर पाटीही होती. आजींनी पोराला पोटभर पाणी पाजले. रात्री त्याला जुलाब सुरू झाले. पाटीवर लिहिले होते, 'हे पाणी पिण्याचे नाही'. पोरगा दवाखान्यात नेल्यावर वाचला. पुढे आजी आमच्या वर्गात आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मले आधी ते पाटीचं वाचाले शिकवा." त्या पाटीतल्या शब्दांनीच त्यांचा पहिला धडा झाला.

जुलाब झाल्यास अंगातले पाणी जाते, म्हणून पाणी बंद करू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. ते घोट घोट पाजत राहावे आणि रोग्याला लवकर दवाखान्यात न्यावे. हे पाणी करायला खारट पाणी मुळीच घेऊ नये.

आपले गाडगेबाबा

संत गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडचे. १८७६ साली शेंडगाव येथे त्यांचा जन्म झाला आणि १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी हाती खराटा घेतला, घाट झाडला, भुकेल्यांना जेवू घातले. खाण्यापिण्यासाठी ते स्वतःजवळ मातीचे गाडगे बाळगीत. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. आपणही यात्रेला जाताना आपले भांडे बरोबर नेऊ या. आणि उष्ट्या पत्रावळी घाटावर न टाकता एका जागी गोळा करू या.

शब्द समजून घ्या
क्षार – मातीतले व पाण्यातले खारट पदार्थ
झिरा – वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा
पटकी – कॉलरा
ओगराळे – पाणी काढण्याचे दांड्याचे भांडे

उत्तरे सांगा
१. पाणी उकळल्याने काय जाते? काय जात नाही?
२. ताजा मासा कसा ओळखावा?
३. तुमच्या गावात गोडे पाणी कुठे मिळते?

वाचा आणि पाच वेळा लिहा
पिण्याचे पाणी.
हे पाणी पिण्याचे नाही.