छत बंद करून दाखवा

जुनी उघड्या छताची गाडी घ्यायची आहे, कुठली घेऊ, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. त्यातल्या काहींना माझं काय झालं ते अर्धवट माहीत असतं. बाकीच्यांनी ‘बाईला गाडीतलं कळलं नाही, फसली’ असं कुठूनतरी ऐकलेलं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मला कळत होतं. मी विचारलं होतं आणि लेखी विचारलं होतं. उत्तर खोटं मिळालं.

विकणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, आणि शेवटी कोणती गाडी घेतली तेही लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, शिवाय यात गाडी बनवणाऱ्याचा काडीचाही दोष नाही. दोष आहे तो विकणाऱ्याचा.

माझ्यापुढे तीन पर्याय होते: बीएमडब्ल्यू झेड-४, मर्सिडीज एसएलके आणि ऑडी ए-३ कॅब्रिओले. तिन्ही गाड्या आपल्याकडे परदेशातून पूर्ण बनून आल्या. आयातकरामुळे नवीन असताना किंमत फुगलेली आणि चार-पाच वर्षांत ती धाडकन खाली आलेली, असं या गाड्यांचं गणित आहे. चांगल्या नव्या एसयूव्हीच्या पैशात झेड-४ मिळतेय हे पाहून माणूस हुरळतो. पण गाडीची किंमत उतरली तरी पार्टची उतरत नाही. छताचा पंप लागला तर तो नव्या गाडीच्याच भावाने येतो. बजेट ठरवताना ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा.

२००९ ते २०१६ या काळातली झेड-४ म्हणजे दोनच सीट, लांबलचक बॉनेट आणि मागच्या चाकांना ताकद. पस्तीस-आय मॉडेलला तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि ३०६ हॉर्सपॉवर. छत अॅल्युमिनियमचं, वीसेक सेकंदांत दोन तुकड्यांत दुमडून डिकीत जातं. छत बंद असताना डिकी ३१० लिटरची, उघडलं की १८०. छत उघडून महाबळेश्वरला जायचं तर दोघांत मिळून एक मऊ बॅग, त्याहून जास्त काही नाही. एसएलकेने १९९६ साली या दुमडत्या छताची पुन्हा चलती आणली. २०११नंतरच्या पिढीत डिकी ३३५ लिटर आणि छत उघडल्यावर २२५. सीटच्या डोक्यातून मानेवर गरम हवा सोडणारी सोय त्या गाडीत असेल तर डिसेंबरातल्या पाचगणीच्या पहाटेलाही छत उघडं ठेवता येतं. चालवायचा आनंद हवा असेल तर झेड-४ आणि आराम हवा असेल तर एसएलके, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

ऑडी ए-३ कॅब्रिओले भारतात डिसेंबर २०१४मध्ये आली. तिला चार सीट आणि कापडाचं छत. अठरा सेकंदांत उघडतं, तेही ताशी पन्नास किलोमीटरपर्यंत गाडी चालू असताना. सिग्नल सुटला आणि पावसाचे थेंब आले तर गाडी कडेला घ्यावी लागत नाही. मागे आई-बाबा बसू शकतात. कापडाला आपल्याकडे लोक उगीच घाबरतात. रस्त्यावर लावायची गाडी असेल तर घाबरणं बरोबर आहे. कुणी ब्लेड मारली की संपलं, आणि उन्हात कापड विटतं. पण घरी झाकलेलं पार्किंग असेल तर कापडाच्या छताखालची यंत्रणा हलकी आणि साधी असते. हे मला आता कळलंय असं नाही. तेव्हाही कळत होतं; मला दोन सीटची गाडी हवी होती, म्हणून पत्र्याच्या छतांच्या दोघींपैकी एक घेतली.

आता तो माणूस.

गाडी मी घेत होते, माझ्या पैशांनी. नवरा सोबत होता एवढंच. तरी प्रत्येक उत्तर त्याच्याकडे बघून. “सर, मॅडमना रंग आवडला ना?” इंजिनाबद्दल मी विचारलं, उत्तर सरांना. एनओसीबद्दल मी विचारलं, उत्तर सरांना. मे महिन्यात गाडी पाहायला गेलो तेव्हा ती छत उघडून उभी होती. सुंदर दिसत होती. मी म्हटलं, छत बंद करून दाखवा. “बॅटरी उतरलीय मॅडम, इतके दिवस उभी आहे ना.” मी म्हटलं, चार्जर लावा, थांबते. तर म्हणे चार्जर दुसऱ्या गाडीला लावलाय, आणि डिकीतला पडदाही काढून ठेवलाय, तो जागेवर नसला की छत हलत नाही. ही शेवटची गोष्ट खरी आहे. या गाड्यांत डिकीतला पडदा सरकवून बसवल्याशिवाय छत चालत नाही. सामानावर छत येऊन आदळू नये म्हणून. खोट्यात एक खरं मिसळलं की ऐकणाऱ्याला सगळंच पटतं.

तरीही मी टोकन द्यायच्या आधी व्हॉट्सअॅपवर लिहून मागितलं. उत्तर आलं: छत शंभर टक्के चालू आहे, वर्कशॉपमध्ये चेक केलंय. तो मेसेज आज आयोगाच्या कागदपत्रांत आहे.

जूनमध्ये डिलिव्हरी झाली तेव्हा छत बंद होतं. “नवीन रबर बीडिंग लावलंय मॅडम, चिकटायला वेळ द्या, एवढ्यात उघडू नका.” पावसाचे दिवस होते, उघडायचं काही कारणही नव्हतं. म्हणजे पाहताना छत उघडं, हातात आली तेव्हा बंद, आणि मधल्या काळात ते हलताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

पहिल्यांदा उघडलं ते मुळशीच्या रस्त्यावर, उघडीप पाहून. डिकीचं झाकण मागून उलटं वर गेलं, छत निम्मं उचललं गेलं आणि तिथेच थांबलं. पुढे नाही, मागे नाही. अशा अवस्थेत गाडी चालवता येत नाही. पाऊस परत आला. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याने आपली ताडपत्री काढून दिली. त्याचे उपकार मी विसरणार नाही. ज्याला एवढी रक्कम मोजली त्याने फोन उचलला नाही आणि ज्याच्याकडे दोन कटिंग घेतले तो भिजत उभा राहिला.

खरा प्रकार गॅरेजमध्ये कळला. मिस्त्रींनी डिकीतलं कार्पेट उचललं. कंपनीच्या वायरिंगचा जुडगा काळ्या कापडी टेपमध्ये गुंडाळलेला असतो. डाव्या बिजागरीजवळ तो कापलेला होता आणि आतल्या वायरी घरातल्या बोर्डाला वापरतात त्या लाल चकचकीत टेपने जोडलेल्या होत्या. खाली खोलगट भागात पाणी साचलं होतं, आणि त्यावर तेलाचा तवंग. मिस्त्रींनी दोन बोटं बुडवून वर धरली. “ताई, हे पाणी पावसाचं आणि हे तेल छताचं.” म्हणजे निचऱ्याच्या नळ्या तुंबलेल्या, हायड्रॉलिकचं तेल गळतंय आणि वायर तुटलेली, हे सगळं कुणीतरी माझ्या आधी उघडून पाहिलेलं, वरवर जोडलेलं आणि वर पुन्हा कार्पेट अंथरलेलं. वायर आपोआप तुटू शकते. लाल टेप आपोआप लागत नाही.

त्या रात्री मी जाहिरातीतले फोटो पुन्हा काढून पाहिले. समोरून, मागून, बाजूने, आतून. एकाही फोटोत छत बंद नव्हतं.

नंतर फोन लागला तेव्हा उत्तर काय मिळालं? “कन्व्हर्टिबल आहे मॅडम, थोडंफार तर होणारच. सर आहेत का? सरांशी बोलतो.” मग डिलिव्हरीच्या कागदावरची बारीक ओळ दाखवली: गाडी जशी आहे तशी विकली. चालू आहे असं लिहून द्यायचं आणि वर ‘जशी आहे तशी’चा शिक्का मारायचा, याला मी व्यवहार म्हणत नाही.

घेणाऱ्यांनी काय करावं ते आता सांगते.

छत आधी, इंजिन नंतर. गाडी थंड असताना, चार्जर न लावता, छत लागोपाठ तीनदा उघडायला आणि बंद करायला लावा. पहिल्यांदा सगळीच चालतात. गळका पंप दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मंदावतो. दोन्ही बाजू एकाच वेगाने उठतात का पाहा. छताला त्याच्या प्रत्येक टप्प्यावर सेन्सर असतात, एकाने जरी निरोप दिला नाही तरी सगळं जागच्या जागी थांबतं. विकणारा काहीही कारण सांगून छत हलवून दाखवत नसेल तर टोकन देऊ नका आणि परतही जाऊ नका.

डिकीतलं कार्पेट स्वतःच्या हाताने उचला. बिजागरीपाशी वायरिंगला हात लावून पाहा. तिथेच ते दर वेळी वाकतं आणि तिथेच तुटतं.

गाडी वॉशिंग सेंटरला न्या, छत बंद करून वरून पाणी मारायला लावा आणि तुम्ही आत बसा. मग सीटच्या मागे, पायाखाली आणि डिकीच्या कोपऱ्यांत कोरडा वर्तमानपत्राचा कागद दाबून पाहा. कुबट वास अत्तर मारून लपवलेला असतो. गाडीत भरमसाट सुगंध येत असेल तर संशय घ्या.

सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. पुरात बुडालेल्या गाडीच्या बेल्टवर आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, कारण तेवढा बेल्ट धुवायला कुणी बाहेर काढत नाही. सीटखालच्या पट्ट्यांचा गंजही पाहा. डिसेंबर २०१५च्या चेन्नईच्या पुरात कितीतरी महागड्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी पुढे कुठल्या शहरात, कुणाच्या दारात जाईल ते सांगता येत नाही.

मागच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. त्यात एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, किती टक्के आहे बघा. दर वर्षी वाढत जाऊन मध्येच शून्य झाली असेल तर त्याआधीच्या वर्षी बहुधा क्लेम झालाय. कसला झालाय ते विचारा.

कागद नीट वाचा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण ती इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. दिल्लीची पेट्रोल गाडी पंधरा वर्षांकडे झुकली की तिथून बाहेर विकली जाते. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना साध्या कारला पाच हजार आणि आयात केलेल्या कारला ४०,००० रुपये, असा दर १ एप्रिल २०२२पासून लागू झाला. २०१०-११ची गाडी घेणाऱ्यांनी हा खर्च धरूनच भाव करावा. बँकेचं कर्ज फिटलं असेल तर आरसीवरून त्याची नोंद उतरली आहे ना, तेही बघा.

टायरवरची चार आकडी संख्या पाहा. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. रविवारी फिरणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी नवीन दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. झेड-४ला स्टेपनी नसते, रन-फ्लॅट टायर असतात, ते महाग पडतात.

घाई करू नका, माहितगार मिस्त्री सोबत न्या, पैसे बँकेतूनच द्या. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहिते.

आणि तरीही फसवलं गेलात तर: दुरुस्ती करण्याआधी विकणाऱ्याला लेखी नोटीस द्या आणि गाडी येऊन बघायची संधी द्या, म्हणजे नंतर ‘आम्हाला दाखवलंच नाही’ म्हणता येत नाही. फोटो काढा. बदललेले पार्ट गॅरेजमध्ये टाकून येऊ नका, घरी आणून ठेवा; तो पुरावा असतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, त्याच्या गावाला जावं लागत नाही. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. २० ते ५० लाखांसाठी फी एक हजार रुपये. मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. मात्र हे विकण्याचा धंदा करणाऱ्याकडून घेतलेल्या गाडीसाठी. ओळखीच्या गृहस्थाकडून परस्पर घेतली असेल तर हा रस्ता तुम्हाला सहसा मोकळा नाही. ओळखीतला व्यवहार सुरक्षित समजणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

छत सध्या हाताने बंद केलेलं आहे. पंपाचं कोटेशन आलंय, पण आयोगाने गाडी तपासायला सांगितली तर ती आहे त्या स्थितीत हवी, म्हणून थांबले आहे. मला आता सल्ले येतात: मे महिन्यात छत उघडं ठेव, चार छान फोटो काढ, जाहिरात टाक, कुणीतरी घेईल. जवळच्या माणसांनी हे सुचवलं याचं मला वाईट वाटलं. मी गाडी विकली तर दुरुस्त करून, सगळी बिलं हातात ठेवून आणि घेणाऱ्याच्या समोर छत तीनदा चालवून विकीन. ते जमलं नाही तर गाडी माझ्याच दारात राहील.