मद्यासक्तीवरील उपचार : एक तुलनात्मक विचार

झाशी असो, सोलापूर असो की मडगाव, मद्यासक्त माणसाचे आप्त डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात : यावर सर्वांत चांगला उपचार कोणता? याचे उत्तर व्याधीच्या अवस्थेवर अवलंबून असते. जो प्रमाणाबाहेर पितो आणि ज्याचे शरीर मद्याच्या पुरते अधीन झाले आहे, त्या दोघांना एकच उपाय लागू पडत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाने मद्य एकाएकी सोडल्यास हातांना कंप सुटतो, आकडी येते, भ्रम होतो. प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून आरंभीचे काही दिवस त्याला वैद्यकीय देखरेखीखाली ठेवणे इष्ट होय. परंतु शरीर मद्यमुक्त झाले म्हणजे व्याधी बरी झाली असे नव्हे. खरा उपचार तेथून पुढे सुरू होतो.

औषधांपैकी डायसल्फिराम हे जुने. ते घेणाऱ्याने मद्य प्याल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडते. या धास्तीने तो मद्यापासून दूर राहतो. काही घरांत ही गोळी रुग्णाच्या नकळत चहात किंवा आमटीत मिसळतात. हे कदापि करू नये. त्यात रुग्णाच्या जिवाला धोका असतो आणि त्याचा घरच्यांवरील विश्वासही उडतो. नाल्ट्रेक्सोन या औषधाचे कार्य निराळे आहे. ते पिण्याची ओढ कमी करते.

दुसरा मार्ग समूहाचा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तीत व्यसनमुक्त झालेली माणसेच नवागताला आधार देतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'मुक्तांगण' या केंद्रात निवासी उपचार, समूहचर्चा आणि कुटुंबीयांचा सहभाग यांची सांगड घातलेली आहे.

यांत श्रेष्ठ कोणता? अमेरिकेत १,७२६ रुग्णांवर तीन मानसोपचार पद्धतींची तुलना करण्यात आली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्हींचे फळ जवळजवळ सारखेच होते.

गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला अभ्यास आपल्याला अधिक जवळचा आहे. तेथे मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु खास प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी प्रत्येक रुग्णाबरोबर जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनंतर त्या गटातील ३६ टक्के पुरुषांचे मद्यपान अपायकारक पातळीच्या खाली आले; समुपदेशन न मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र मद्यासक्तांचा त्यात समावेश नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे.

तात्पर्य, प्रारंभीच्या अवस्थेत जवळच्या आरोग्य केंद्रातील समंजस संभाषणही उपयोगी पडते; व्याधी बळावल्यावर वैद्यकीय देखरेख, औषध आणि समूहाचा आधार यांची एकत्र गरज भासते. मद्यत्यागानंतर रुग्ण पुन्हा घसरला, तर तो उपचारांचा अंत मानू नये. त्याला दूषण न देता पुन्हा उपचारांकडे नेणे, हेच आप्तांचे कर्तव्य होय.