पोटात बाळ, डोक्यावर ऊन: पैसे कशावर घालायचे, कशावर नाही

आधी हिशेब. छत्री ३०० ते ५०० रुपये. पुऱ्या बाह्यांचा सुती सनकोट ३०० ते ६००. रुंद कडेची टोपी १५० ते ३००. सनस्क्रीन महिन्याला साधारण ७५० ते १,३५०. म्हणजे पहिल्या महिन्यात दीड ते पावणेतीन हजार, पुढे दर महिन्याला हजाराच्या आसपास. पेडणे, डिचोली, साखळी, म्हापसा, कुठेही घ्या, दुकानागणिक थोडा फरक पडेल. गरोदरपणात उन्हापायी याहून मोठा खर्च कुणी सांगितला, तर तो बहुधा काळवंडलेली त्वचा उजळवण्याचा असतो. तो बाळंतपण होईपर्यंत पुढे ढकला.

फुकटातला उपाय सगळ्यात मोठा आहे: वेळ. आपल्याकडे सूर्य बारा वाजता माथ्यावर येत नाही, साडेबाराच्या जरा पुढे येतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो पेडण्या-डिचोलीच्या अगदी डोक्यावर असतो. घड्याळ नको, सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक. मेच्या सुरुवातीला हा काळ सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन असतो. डिसेंबरात तो साधारण अकरा ते दोन एवढाच उरतो. काजूची बोंडं वेचायची असोत, आगरवाड्याच्या मिठागरावर जायचं असो की बाजारात मासळी घेऊन बसायचं असो, काम टाळता येत नसेल तर निदान हे तास टाळा. तेही जमत नसेल तर दर अर्ध्या तासाने सावलीत दहा मिनिटं बसा. ढग आले म्हणून निर्धास्त होऊ नका, पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण खाली येतात.

शिरगावची लईराईची जत्रा वैशाखात येते, म्हणजे नेमकी उन्हाच्या तोंडावर. दर्शनाला जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत जाऊन या. गर्दीच्या वेळी रांगेत उभ्या राहू नका.

बसने पेडण्याहून म्हापशाला किंवा पणजीला तपासणीसाठी जात असाल तर उजवीकडची जागा धरा. बस दक्षिणेकडे जाते, त्यामुळे सकाळचं ऊन डावीकडून येतं. संध्याकाळी परततानाही ते डावीकडूनच येतं. खिडकीची साधी काच त्वचा काळवंडवणारे किरण पुरते अडवत नाही, म्हणून गाडीतही सनकोट अंगात राहू द्या.

आता सनस्क्रीन. घेताना ट्यूबची पुढची बाजू सोडा, मागची वाचा. उन्हाला अडवणारे घटक म्हणून झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड एवढेच असावेत. हे दोन्ही त्वचेवर थर धरून राहतात, रक्तात जवळजवळ जात नाहीत. ऑक्सिबेन्झोन, ज्याला बेन्झोफेनोन-३ असंही लिहितात, ते नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत असे रासायनिक घटक रक्तात उतरल्याचं दिसलं. त्याने बाळाला अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण पर्याय हाताशी असताना जोखीम कशाला? पुढे ‘मिनरल’, ‘हर्बल’ किंवा ‘आयुर्वेदिक’ लिहिलेल्या काही ट्यूबांत मागे रासायनिक घटकही असतात. दुकानदार ‘एकच गोष्ट आहे’ म्हणाला तरी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

एसपीएफ ३० पुरे. तो त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतो, ५० वाला ९८ टक्के. या एका टक्क्यासाठी दुप्पट किंमत मोजू नका. सोबत, त्वचा काळवंडवणाऱ्या किरणांसाठी, पीए+++ हवं. चेहऱ्यावर डाग येत असतील तर रंगाची छटा असलेली ट्यूब घ्या. तिच्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्या प्रकाशानेही गडद होतो. या ट्यूबला शंभर-दोनशे जास्त पडले तर ते वाजवी आहेत.

खरा खर्च लपलेला असतो ट्यूबच्या आकारात. चेहरा, कान आणि मान यांना एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं. दिवसातून दोनदा म्हणजे अडीच ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब वीस दिवसांत संपते, १५ ग्रॅमची सहा दिवसांत. वर्षभर पुरली तर समजा की लावलीच नाही. पाकिटावर प्रति ग्रॅम दर छापलेला असतो, तो बघून तुलना करा. हातपाय सनस्क्रीनने झाकायला निघालात तर महिन्याचं बजेट कोलमडेल, तिथे कापडच स्वस्त. उन्हात असाल तेव्हा मात्र दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावा. स्कूटरच्या डिकीत ट्यूब ठेवू नका, तिथल्या उष्णतेने ती बिघडते.

आता वांग, आणि इथेच बायका सगळ्यात जास्त फसतात. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग उमटतात. कारण गरोदरपणातले हार्मोन, त्यात ऊन पडलं की ते पक्के होतात. प्रसूतीनंतर काही महिन्यांत बहुतेकींचे फिकट होतात. पण तेवढं थांबायला कुणी सांगत नाही. पार्लरमध्ये डी-टॅन सुचवतात, पाचशेपासून हजार-दीड हजारापर्यंत, वर ब्लीच, वर ‘ग्लो पॅक’, आणि बिलात यातला प्रत्येक वेगळा धरलेला. ब्लीचमध्ये अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. गरोदरपणात त्वचा आधीच हुळहुळी झालेली असते, वासाने मळमळही होते. स्किन क्लिनिकमध्ये केमिकल पीलचे एका बैठकीला दीड ते चार हजार सांगतात, आणि ‘सहा बैठकांचं पॅकेज’ घेतलं तर सूट. आगाऊ पैसे देऊन गरोदरपणात कुठलंही पॅकेज घेऊ नका. मध्येच डॉक्टरांनी थांबवलं तर ते पैसे परत मिळवणं अवघड जातं.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे औषधाच्या दुकानात ‘वांगाची ट्यूब द्या’ म्हणून मागणं. शंभर-दोनशे रुपयांत हातात पडते ती बहुधा तिहेरी मिश्रणाची: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉईड. हायड्रोक्विनोन लावल्यावर त्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग शरीरात शोषला जातो. ट्रेटिनॉइन गरोदरपणात वर्ज्य. स्टेरॉईडने त्वचा पातळ होते, आणि मलम बंद केलं की डाग उलटून येतात. स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा केंद्राचा नियम २०१८ पासून आहे. तरीही कुणी दिली तर घेऊ नका. रेटिनॉल आणि अॅडापॅलीन लिहिलेली क्रीमंही बाजूला ठेवा. बिनकंपनीची, बिनपत्त्याची ‘गोरेपणाची’ क्रीम तर हातातही घेऊ नका. अशा काही क्रीमांत पारा असतो आणि त्याने मूत्रपिंडं बिघडतात. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये असे रुग्ण आढळले होते.

घरचे उपाय? बेसन-दूध लावा, नुकसान नाही, फक्त वांग जाणार नाही. लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर ती भाजते आणि काळा पट्टा महिनोन्‌महिने राहतो.

हरमल, मांद्रे, मोरजीला फिरायला आला असाल आणि शेजारच्या खाटेवर पाहुणे अंग शेकत पडलेले दिसले, तर त्यांचं अनुकरण नको. ‘आधी थोडं टॅन झालं की ऊन लागत नाही’ हे खोटं आहे. टॅन झालेली त्वचा एसपीएफ ३ ते ४ एवढंच वाचवते. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत शरीराच्या आतलं तापमान ३९ अंशांच्या वर गेलं तर बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीला धोका वाढतो, म्हणून स्टीम, सॉना आणि गरम पाण्याचा टबही टाळा. वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्के किरण परत फेकतो, त्यामुळे मोठ्या छत्रीखालीही टोपी हवी. टॅनिंगच्या गोळ्या आणि इंजेक्शनं अजिबात नकोत, फवारा श्वासातून आत जातो म्हणून तोही नको. शॅकवर बसण्याआधी विचारा: खाटेचं भाडं वेगळं आहे का, किमान किती रुपयांची ऑर्डर द्यावी लागते, सेवाशुल्क लावता का. साडेचारनंतर गेलात तर ऊनही कडक नाही आणि खाट घेण्याची गरजही उरत नाही.

‘कोवळ्या उन्हात बसा, ड जीवनसत्त्व मिळेल’ असं घरोघरी सांगतात. सकाळी सातच्या उन्हात ते जवळजवळ तयारच होत नाही. त्यासाठी लागणारे किरण सावली आखूड असते तेव्हाच येतात, आणि ती वेळ तर तुम्हाला टाळायची आहे. गोळी घ्या. सरकारी केंद्रात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम आणि ड-३ २५० युनिटची गोळी दिवसातून दोनदा मोफत मिळते. लोह-फॉलिक अॅसिडची लाल गोळीही मोफत, निदान १८० दिवस. दोन्ही एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी खासगी लॅबमध्ये हजाराच्या आगेमागे पडते, आणि ‘प्रेग्नन्सी पॅकेज’मध्ये ती न विचारता घुसवतात. डॉक्टरांनी लिहिली नसेल तर यादीतून काढायला सांगा.

पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, तहानेची वाट न बघता. अकराची पेज उत्तम, तिच्यात पाणी, मीठ, भात सगळं आलं. शहाळं रस्त्याकडेला ५० ते ७० रुपये, किनाऱ्यावर त्याचेच शंभर. ओआरएसची पुडी आरोग्य केंद्रात मोफत, दुकानात वीस-पंचवीस रुपये. पाकीटबंद गोड पेयाला ओआरएस समजू नका. अशा पेयांवर ते नाव छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, पण जुना माल दिसला तर ठेवून द्या. रक्तदाब किंवा साखर वाढलेली असेल तर ओआरएसही विचारूनच.

कुठे जायचं? पेडण्याच्या बाजूला तुये आणि कासारवर्णे, डिचोलीच्या बाजूला डिचोली आणि साखळी इथली सरकारी आरोग्य केंद्रं. पुढचं लागलं तर म्हापशाचं उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ, त्याहून गंभीर असेल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ). दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर महिलांची खास मोफत तपासणी असते, दिवस भरत आलेल्या बाईने तर चुकवूच नये. सकाळी लवकर गाठा, परतीचा प्रवास कडक उन्हात येणार नाही. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या ट्यूबा-गोळ्या. ट्यूब दाखवलीत तरच डॉक्टर ती बंद करायला सांगतील. पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, त्यासाठी आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. अर्ज अंगणवाडीत, फी शून्य. कुणी ‘फॉर्म भरण्याचे’ पैसे मागितले तर देऊ नका.

उन्हातून आल्यावर भोवळ, उलट्या, लघवी कमी आणि गडद, पोट वारंवार कडक होणं, बाळाची हालचाल मंदावणं यांपैकी काहीही झालं तर डाव्या कुशीवर झोपा, ओलं कापड फिरवा आणि १०८ लावा. रुग्णवाहिका मोफत येते. डोकं ठणकत असेल आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ‘ऊन लागलं’ म्हणून घरी पडून राहू नका. रक्तदाब वाढल्याचीही हीच लक्षणं असतात, त्याच दिवशी तपासून घ्या.

प्रत्येक खरेदीचं बिल घ्या आणि बाळंतपण होईपर्यंत जपा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा पॅकेजचे पैसे अडकवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन मोफत. पुढे पर्वरीच्या उत्तर गोवा ग्राहक आयोगात जायचं ठरलं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. संशयास्पद क्रीमची तक्रार बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करा. ट्यूब फेकू नका, बॉक्ससकट घेऊन जा.